कापूस हातात असला की

माझ्या खुर्चीवरच्या गादीला भोक कुणी पाडलं, ते मला आठ दिवस कळलं नाही. आदिलाबादहून भीमपूरकडे जाणारी सकाळची बस कंबर खिळखिळी करते, म्हणून सासूबाईंनी मला शाळेसाठी एक छोटी गादी शिवून दिली होती. तिच्यातला कापूस रोज थोडा थोडा कमी होत होता. मला वाटलं उंदीर असेल. मी हेडमास्तरांकडे पिंजरा मागितला आणि ते म्हणाले, "मॅडम, इथं खडूसाठी पैसे नाईत, पिंजरा कुठून आनू?"

शाळा तेलंगणा सरकारची, पण मराठी माध्यमाची. महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की खिडकीपाशी उभं राहिलं तर फोनवर पलीकडचं नेटवर्क येतं. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही माझ्याकडे आहेत. माझ्या वर्गाची एक ख्याती होती, ती आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझा वर्ग शांत असतो. शेजारच्या खोलीत पाढ्यांचा बाजार भरलेला असतो आणि माझ्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येतो. मंडलातून, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या ऑफिसातून, कोणी बघायला आलं की हेडमास्तर पाहुण्यांना आधी माझ्याच वर्गात घेऊन येत. मला याचा भारी गर्व होता. कुणी विचारलं की मी वरवर म्हणायचे, "मुलंच चांगली आहेत हो."

त्या जूनमध्ये ती दुसऱ्या शाळेतून माझ्याकडे चौथीत आली आणि माझ्या शांत वर्गाचे तीनतेरा वाजले.

नऊ वर्षांची मुलगी. कापूस-सोयाबीनच्या घरातली, एकत्र कुटुंबातली. दोन वेण्या घालून यायची, दुपारपर्यंत एक सुटलेली असायची. तिला बसणं हे कामच जमत नव्हतं. बसली की पाय हलायचे, पाय धरले की हात चालू व्हायचे, हात धरले की तोंड. मी प्रश्न अर्धा विचारला की तिचं उत्तर येऊन जायचं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. वही आणायची तर पेन्सिल विसरायची. पेन्सिल आणली तर ती तासाभरात कुणाच्या तरी दप्तरात सापडायची. पाणी प्यायला गेली की पाच मिनिटांनी मलाच शोधायला जावं लागे आणि ती नळाखाली पाय धरून काहीतरी गुणगुणत उभी असे.

"काऊन उठली?" मी विचारायचे.

"मले नाई माईत बाई. उठून गेली."

ती हे उर्मटपणे म्हणत नसे, हे आता मला कळतं. तेव्हा मी तिला उर्मटच समजत होते. कान पिरगाळले, ओणवं उभं केलं, दाराबाहेर बसवलं. दाराबाहेर बसवणं ही तर मोठीच चूक, कारण तिला तेच हवं असायचं. अंगणात शेळ्या होत्या.

जुलैत आदिलाबादला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. सगळं तेलुगूत. मला बाजारापुरतं आणि ऑफिसपुरतं तेलुगू येतं. शिकवण्याचं तेलुगू माझ्या डोक्यावरून जातं. एक विशेष शिक्षिका बोलत होत्या, तरुण होत्या, हातवारे करून समजावत होत्या. पडद्यावर 'एडीएचडी' असं आलं, आणि खाली इंग्रजीत जी लक्षणं आली ती वाचताना मला वाटलं, ह्या बाई माझ्या वर्गात येऊन गेल्या की काय. नुसता खोडकरपणा नव्हे म्हणे, मेंदूची घडणच तशी असते. मूल मुद्दाम करत नाही. ओरडून उपयोग नाही. पुढं बसवा, काम लहान लहान तुकड्यांत द्या, उठायची परवानगी द्या, हाताला काहीतरी द्या. दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना हिंदीत विचारलं, "हाताला म्हणजे काय देऊ?" त्या म्हणाल्या, "जो बच्चे को सूट करे, मॅडम."

मग माझे प्रयोग सुरू झाले. रबराचा चेंडू दिला. तो दुसऱ्या मिनिटाला तिसरीच्या एका पोराच्या कपाळावर बसला. दोरी दिली, तिनं पुढच्या मुलीची वेणी बाकाला बांधली. फळा पुसायचं काम दिलं, तर मी लिहीत असतानाच मागून पुसत आली. हजेरीचा कागद हेडमास्तरांकडे पोचवायला पाठवलं, तर कागद पोचला पण पोरगी परत आली नाही. वर्ग हसायचा, तीही हसायची, आणि मला समजेना की मी मदत करतेय की तमाशा. ओरडायचं नाही म्हणून मी दात आवळून बसायचे. घरी गेल्यावर तो सगळा राग भांड्यांवर निघायचा.

आणि मग एक दिवस उंदीर सापडला.

मी गोष्ट सांगत होते, वर्गाकडे तोंड करून उभी. ती माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, कारण पुढं बसवा म्हणाले होते आणि बाकावर ती टिकत नव्हती. माझी नजर खाली गेली. तिचा एक हात माझ्या गादीच्या भोकात होता. तिनं कापसाचा पुंजका ओढला, बोटांनी फुलवला, मांडीवर ठेवला, तळव्यानं एकदाच सर्रकन फिरवला, आणि वात तयार. तशा वीसेक वाती तिच्या फ्रॉकच्या घेरात ओळीनं लावलेल्या होत्या. माझा हात वर गेला होता. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती गोष्ट ऐकत होती. तोंड थोडं उघडं, डोळे माझ्या ओठांवर.

मी हात खाली घेतला आणि विचारलं, "मग कोल्ह्यानं काय केलं?"

तिनं सांगितलं. बरोबर सांगितलं. आणि मी चार वाक्यांपूर्वी काय म्हटलं होतं, तेही सांगितलं. हात चालूच होते.

"वाती कुठं शिकली?"

"आजीपाशी. आजीचं पाहून पाहून." मग एकदम गादीकडे बघून म्हणाली, "बाई, मी परत भरून देतो ना ह्याच्यात."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला कापूस देऊ लागले. पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं बाकी होतं. तिनं एक अख्खा धडा बसून ऐकला. भागाकार शिकली. अर्धं गणित मी तोंडी घ्यायचे, तिची बोटं कापसात आणि उत्तर तोंडात. सरकी असलेला कापूस दिला तर आणखी बरं, हे मला लवकरच कळलं. आधी एकेक सरकी बोटांनी काढायची, मग पिंजायचं, मग वळायचं. तीन कामं होती आणि तिन्हींना डोळ्यांची गरज नव्हती. लिहायची वेळ आली की मात्र कापूस ठेवावा लागे आणि तिची चुळबुळ पुन्हा सुरू होई. पण अर्धा दिवस तर मिळाला. मी मनात म्हटलं, प्रशिक्षणात हे कुणालाच सुचलं नाही, मला सुचलं.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. त्यांनी लाख वातींचा नेम धरला होता. चातुर्मासात रोज वाती वळायच्या, लाख झाल्या की तुपात भिजवून कार्तिकातल्या पौर्णिमेला देवापुढं पेटवायच्या. त्यांचं हे तिसरं वर्ष होतं आणि बोटं आखडली होती. सकाळी उठल्यावर मूठच मिटत नसे. सात-आठ हजार राहिल्या होत्या आणि त्या रोज मला ऐकवत, "औंदा नाई झालं तं मंग माह्यानं होत नाई." दुकानातला गुंडाळीचा कापूस त्यांना चालत नव्हता. शेतातला, हातानं सरकी काढलेला हवा.

माझ्या शाळेच्या कपाटात बिस्किटांचा एक मोठा डबा वातींनी भरला होता. टाकून कसा देणार? मी तो घरी नेला. खरंच सांगते, त्यावेळी मनात काही नव्हतं. सासूबाईंनी वात उचलून उजेडात धरली.

"कोनाच्या हातच्या?"

"शाळेतली एक पोरगी करते. तिला हाताला चाळा लागतो."

"लग्न व्हायचं हाये ना? मंग कुमारिकेच्या हातच्या तं आनखी चांगल्या." आणि त्यांनी त्या शंभर-शंभरच्या जुड्या बांधून आपल्या वातींत मिळवल्या.

पुढच्या सोमवारी माझ्या पिशवीत त्यांनीच कापूस भरून ठेवला होता. त्याच्या पुढच्या सोमवारी जास्त. मी नको म्हणाले नाही. कोणाचं काय बिघडत होतं? पोरीला कापूस लागत होता, म्हातारीला वाती लागत होत्या. मला दोन्हीकडे शाबासकी. मी पोरीला सांगितलं की तुझ्या वाती माझ्या सासूबाईंच्या देवापुढं लागणार आहेत. तिला इतका आनंद झाला की ती बाकावर चढून खाली उडी मारून आली.

"किती लागते बाई?"

"लाखातल्या थोड्याच राहिल्यात. कर तू नीट. लाख झाल्या की बघ, तुझं डोकंही कसं शांत होतं ते."

असं मी म्हणाले. पोरांशी आपण काय काय बोलतो! भात खाल्ला की उंच होशील, पालेभाजी खाल्ली की डोळे मोठे होतील. तसंच हे, बोलता बोलता निघून गेलेलं.

सप्टेंबरात एके दिवशी तिसऱ्या तासाला ती म्हणाली, "बाई, आज वाती नको. मी जरा अंगनात पळून येऊ?"

उठायची परवानगी द्या, असं त्या विशेष शिक्षिका म्हणाल्या होत्या. मला ते चांगलं आठवत होतं. पण बाहेर पाऊस पडून चिखल झाला होता, वर्ग छान शांत होता, आणि पिशवीत कापूस तसाच होता. मी म्हटलं, "एवढ्या कर, मग जा." तिनं केल्या. झाल्यावर जेवणाची सुट्टी झाली. असं एकदाच झालं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. नीट आठवलं तर चार-पाचदा तरी झालं असेल.

दसऱ्यानंतर त्या विशेष शिक्षिका आमच्या शाळेत आल्या. त्यांनी तिला पाहिलं, आईला बोलावलं, आणि आदिलाबादला दवाखान्यात तपासून घ्यायला सांगितलं. तपासणीत एडीएचडी निघालं तर पोरीचं नाव विशेष मुलांच्या यादीत लागेल, त्या स्वतः दर आठवड्याला येऊन तिला शिकवतील, परीक्षेत जास्त वेळ मिळेल, आईलाही घरी काय करायचं ते दवाखान्यात शिकवतील. आई बारीक चणीची, अबोल बाई. तिच्या घरात दुसरंच ठरत होतं. पोरीचा बाप आणि आजोबा तिला संक्रांतीनंतर दूरच्या एका वसतिगृहात टाकणार होते. तिथं मारून-मुटकून सरळ करतात म्हणे. आई मला दारापाशी म्हणाली, "बाई, बिमारी हाये म्हून कागद भेटला तं मले बोलता येते घरी. नाई तं नेतेच थे तिले."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. कशासाठी तो कागद आहे, हे मला त्या दिवशी स्वच्छ माहीत होतं.

दवाखान्यासाठी एक फॉर्म होता, वर्गशिक्षकानं भरायचा. इंग्रजीत आणि खाली तेलुगूत. वर्गात जागेवरून उठते का: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सांगितलेलं ऐकून घेते का. इतरांना त्रास देते का. मी तो दुपारी, जेवणानंतर भरायला घेतला. समोर ती बसली होती. शांत. हातात कापूस. मी तिच्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि 'कधीच नाही'वर खूण केली. आता उठत नव्हतीच ना ती? मी खोटं कुठं लिहीत होते? आणि 'नेहमी' लिहिलं असतं तर हेडमास्तरांची सही घेताना त्यांनी विचारलं असतं की मॅडम, तुमच्या वर्गात? वातींचं लिहावं असंही वाटलं होतं. पण लिहायचं कुठं? आणि लिहिलं तर कोणी विचारलं असतं की त्या वाती जातात कुठं. मी सगळ्या खुणा भराभरा केल्या. कागद पाकिटात घातला. माझं अक्षर चांगलं आहे.

पौर्णिमेला सासूबाईंच्या लाख वाती पूर्ण झाल्या. मी पोरीला आणि तिच्या आईला घरी बोलावलं. दुपारच्या बसनं आल्या. दिवेलागणीला मोठ्या परातीत तुपात भिजलेल्या जुड्या रचल्या, सासूबाईंनी हात जोडले आणि पेटवल्या. मला धास्ती होती की ही पोरगी परातीत हात घालते की काय. पण ती देवघराच्या दारात उभी राहिली ती राहिलीच. हात छातीशी घट्ट. डोळ्याची पापणी हलेना. वाती जळून काजळी धरेपर्यंत, तूप तडतडून संपेपर्यंत ती हलली नाही. माझ्या नवऱ्यालाही कौतुक वाटलं. मी तिच्या आईला म्हटलं, "पाहा, कशी उभी आहे."

सगळं विझल्यावर तिनं मला विचारलं, "झालं?"

"झालं की."

तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं, जरा वेळ तशीच थांबली, मग पळत अंगणात गेली आणि तुळशीपाशी पाय घसरून पडली. आम्ही सगळे हसलो.

त्यानंतर आठवड्यानं आई शाळेत आली. मी मुलांना पाढे म्हणायला लावून दाराशी गेले. ती तपासणी करून आली होती आणि तिच्या हातात दवाखान्याचा कागद होता. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद तिनं पोळपाटाइतका सरळ धरला होता.

"बाई, तुमी असं काऊन लिवलं?"

मी म्हटलं, "काय लिहिलं?"

"डाक्टर म्हनते शाळेत तं बरोबर बसते, कोनाले तरास नाई देत. मंग बिमारी कायची? घरीच काऊन धिंगाना करते? घरच्यांनी लाडावून ठेवली म्हनते, घरात शिस्त लावा." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माह्या सासूनं सगळ्या आळीत सांगतलं. पाह्य, डाक्टरनंई तेच सांगतलं का मायचाच दोस हाये. आता थे संक्रांतीले नेऊन टाकते तिले. मी काय बोलू?"

मला तिचा राग आला. हो, आधी रागच आला. मी तुझ्या पोरीला भागाकार शिकवला, आणि तू मला जाब विचारतेस? तोंडापर्यंत आलं होतं. मग ती म्हणाली, "आन एक विचारतो. पोट्टी घरी येऊन सांगते, बाईनं आज पाचशे करून घेतल्या. शाळेत शिकाले येते का वाती कराले?"

मागे वर्ग तेराचा पाढा म्हणत होता. मी त्या दारात उभी होते आणि मला खरोखर कळत नव्हतं की ह्या प्रश्नाचं खरं उत्तर काय. ती शिकत होती. आणि वाती करत होती. वातींमुळे शिकत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग पाचशे कधी झाल्या? पहिल्या दिवशी तर वीस होत्या. शिकवणं कुठं संपलं आणि म्हातारीचा नेम कुठं सुरू झाला, ती जागा मला सापडेना. अजूनही सापडलेली नाही. मी रात्री जागून तो हिशोब मांडला असं काही म्हणणार नाही. मी जेवले, झोपले.

पण दुसऱ्या दिवशी मी विशेष शिक्षिकांना फोन केला आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत सगळं सांगितलं. वातींचंही. त्या हिंदीत म्हणाल्या की कापूस चांगला होता, मॅडम, फक्त कापूस तिच्यासाठी असायला हवा होता. पुन्हा तारीख घेऊ, तुम्ही स्वतः या. माझी लाज गेली नाही, पण निदान काय करायचं ते कळलं.

डिसेंबरात आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. लांब व्हरांडा, बाकावर माणसंच माणसं. पोरगी बाकावर बसली, उठली, पाण्याच्या टाकीपाशी गेली, नळ सोडून आली, एका खोलीत डोकावली, हाकलली गेली, दुसऱ्या खोलीत डोकावली. आई तिला ओढून आणत होती आणि बाकावरच्या बायका आईकडे बघत होत्या. ती नजर मला ओळखीची होती, कारण जूनमध्ये माझीही तीच होती. माझ्या पर्समध्ये कापूस होता. सवयीनं टाकला होता. पण मी ठरवलं, आज द्यायचा नाही. डॉक्टरांना ती जशी आहे तशी दिसू दे.

"बाई, कापूस आनला का?" तिनं विचारलं.

"नाही गं. विसरले."

ती माझ्याशेजारी येऊन बसली. पाय हलवत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, लाख झाल्या होत्या ना पन?"

"काय?"

"वाती. तुमच्या घरच्या आजीच्या. पुऱ्या लाख?"

"हो. झाल्या ना. तू पाहिल्यास की पेटवताना."

"मंग मी काऊन नाई बदलली?"

मला आधी समजलंच नाही. तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "तुमी म्हनल्या होत्या ना, लाख झाल्या का डोस्कं शांत होते. मी म्हून तं करत होती. त्या रोजी मी हाललीच नाई, का आता शांतपना येईन म्हून. पन नाई आलं काई. कमी पडल्या का थोड्या? मी मधात कधी कधी खराब वळल्या, त्याच्यानं झालं का?"

पलीकडे आईनं पदर तोंडावर धरला. मला त्या व्हरांड्यात जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चार महिने ही पोरगी माझ्या वर्गात बसून स्वतःला बरं करत होती, आणि मी जुड्या मोजत होते. मी म्हटलं, "नाही बाळा, तुझ्या वाती चांगल्या होत्या. ते मीच उगाच म्हटलं होतं." ते तिला पटलं नाही. मोठी माणसं उगाच का म्हणतील?

तेवढ्यात आमचा नंबर आला.

आत गेल्यावर मी पाहिलं, ती डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत ताठ बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले होते. पाय खुर्चीच्या पायांभोवती गुंडाळले होते. ओठ आवळलेले. ती हलत नव्हती. तिच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला होता. डॉक्टरांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं, जुना फॉर्म पाहिला, आणि मला हिंदीत म्हणाले, "बैठी तो है अच्छे से."

ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की मी म्हणेन, हो, बसते.

मी म्हटलं, "नाही डॉक्टर. ही अशी बसत नाही. वर्गात कधीच बसत नाही. तो फॉर्म मी चुकीचा भरला." आणि मग सगळं सांगितलं. गादी, कापूस, डबा. ती असतानाच सांगितलं, दुसरा इलाज नव्हता. माझं बोलणं सुरू झालं तसे तिचे हात मांड्यांखालून निघाले. तिनं मान खाली घातली आणि टेबलावरचा शिक्का उचलून तळहातावर मारायला लागली. एक, दोन, तीन. आई तिला थांबवू लागली, तर डॉक्टर म्हणाले राहू द्या. ते लिहीत होते.

कागद मिळाला. त्यावर एडीएचडी ही अक्षरं होती. आईनं तो चारदा घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. तिच्यासाठी तो वसतिगृहाच्या दारावरचं कुलूप होता आणि संक्रांत गेली तरी पोरगी गावातच राहिली, हे आता सांगायला हरकत नाही. विशेष शिक्षिका बुधवारी येतात. मी कापूस अजून देते, पण ती वळते त्या वाती तिच्याच दप्तरात जातात. कधी ती सगळा कापूस नुसता फुलवून खिडकीतून उडवून देते. मी काही म्हणत नाही.

पण त्या दिवशी मी त्यांना गावापर्यंत सोडायला निघाले, त्या बसमध्ये हे काही माहीत नव्हतं. ती खिडकीशी बसली होती, मधे मी, पलीकडे आई. पोरगी बोलत नव्हती. इतका वेळ ती गप्प राहिलेली मी कधी पाहिली नव्हती आणि मला ते सहन होईना. मी पर्स उघडली, कापूस काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं तो हातात घेतला. बोटं आपोआप चालू झाली. पहिली सरकी काढली, दुसरी काढली. मग बोटं थांबली.

"होता तं तुमच्यापाशी," ती म्हणाली. "मंग नाई काऊन म्हनल्या?"

गावाचा फाटा येईपर्यंत मी उत्तर जुळवत होते. फाटा आला, तशा आम्ही उतरलो.